नाव असलेला माल

आमच्या दुकानात कामाला लागलेल्या पोराला पहिला धडा तराजूचा मिळत नाही. भांडं हातात आलं की आधी काठाखाली बघायचं, नाव कुणाचं आहे ते वाचायचं. मग धातू, मग वजन. नाव सोनपेठच्या माणसाचं निघालं तर ते भांडं फळीवर मांडायचं नाही, कितीही चांगलं असो. ते सरळ मोडीच्या पोत्यात जातं. हा दंडक आजोबांनी घातला, वडिलांनी पाळला आणि त्यापायी आम्ही बराच पैसा गमावला. नक्षीचं गंगाळ, जाड पत्र्याचा बंब, जुन्या घडणीची घागर, असल्या वस्तू मोडीच्या भावानं वितळायला गेल्या. त्याचं कारण काठाखालच्या त्या चार अक्षरांत होतं.

आम्ही कासार. लोकांना वाटतं कासाराचा धंदा म्हणजे नवी भांडी विकणं. निदान आमच्या घरात तरी धंद्याचा मोठा भाग कायम जुन्या मालाचा होता आणि त्यातही धनी न आलेल्या मालाचा. सावकाराकडून न सुटलेलं गहाण, कोर्टाच्या जप्तीतली चीजवस्तू, गाव सोडून गेलेल्याच्या घरातलं सामान, पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं पडलेला मुद्देमाल. ह्या सगळ्याचा कधी ना कधी हर्रास होतो आणि हर्रासाला कुणीतरी बोली लावतंच. त्या कुणीतरींमध्ये आमच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या आहेत.

सोनपेठ हे वाण नदीच्या काठचं गाव. खाली वाणीसंगमला वाण गोदावरीत मिळते. रेल्वे गावात आली नाही. गाडी पकडायची तर गंगाखेड नाही तर परळी. त्यामुळं व्यापार बैलगाडीवर आणि उधारीवर चालायचा. आजोबांच्या काळी मुलूख निजामाचा, चलन हाली. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा, असा साधारण हिशेब. वहीत रक्कम हालीत आणि वजन शेर-मणात. ती वही अजून घरात आहे आणि ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते: नव्या मालाच्या नोंदी वर्षभर सारख्या पसरलेल्या आहेत, जुन्या मालाच्या मात्र वैशाखाच्या उतरणीला एकदम गर्दी करतात.

त्याचं कारण सोपं आहे. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा लागायचा. घरात सोनं असेल तर सोनं, नसेल तर तांब्या-पितळेचं भांडं सावकाराच्या माडीवर जायचं. कापूस आणि ज्वारी विकून आली की सुटायचं. कुणाचं हिवाळ्यात सुटायचं नाही, पण घरात लग्न निघालं की चैत्र-वैशाखात काहीही करून सोडवलं जायचं, कारण पंगतीला आणि पाहुण्यांना घरचे हंडे लागतात. अक्षय्य तृतीया उलटून गेली तरी जे भांडं माडीवर आहे, त्याचा धनी आता येत नाही, असं सावकारही धरून चालायचा आणि आम्हीही. जेठ लागायच्या आत माडी मोकळी करायची, कारण नवं गहाण यायला लागणार.

माडी म्हणजे एका परीनं गावाचं कोठारच. प्रत्येक भांड्याच्या कानाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर नाव, रक्कम, तिथी. एकात एक घातलेल्या तपेल्यांची उतरंड, कोपऱ्यात पराती, खुंटीला तांबे. सावकार आम्हाला जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येऊ द्यायचा. आत पाऊल नाही, भांड्याला हात नाही. कंदील वर धरायचा, बघा म्हणायचा, आणि मग खाली ओट्यावर बोलीला बसवायचा. अख्खी रास एकदम. त्यात काय फुटकं, काय डाक लावलेलं, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर.

बोली तोंडी क्वचितच व्हायची. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तीच रीत ओट्यावर चालायची. सावकाराचा हात उपरण्याखाली, एकेक कासार येऊन आपली बोटं दाबून जायचा. हे गुपित कशासाठी, असं मी वडिलांना विचारलं होतं. भाव लपवायला, असं मला वाटायचं. वडील म्हणाले, भाव लपवायचा असता तर आतल्या खोलीत बसलो असतो. समोरून बाया पाण्याला जातात. अमक्याच्या घरची कळशी अमक्या रुपयाला गेली हे त्यांच्या कानावर पडू नये, म्हणून रुमाल. सावकाराला दया होती असं नाही. पुढच्या मृगाला तेच गिऱ्हाईक परत यायला हवं होतं.

आणि बोली खरी स्पर्धेची असायची असंही नाही. जमलेले तिघे-चौघे कासार आणि परळीकडचा एखादा मोडवाला आधीच चहाच्या टपरीवर भेटलेले असायचे. एकानंच वर जायचं, बाकीच्यांनी लाजेकाजेस्तव दोन बोटं दाबायची, माल कमी भावात सुटला की संध्याकाळी आपसात खरी बोली करायची आणि मधला फरक वाटून घ्यायचा. आमच्यात ह्याला घरची बोली म्हणत. लिलाव जिथं जिथं आहे तिथं ही साखळी आहे. मुंबईच्या गोदीतल्या मालाला असो की तहसीलच्या वाळूच्या घाटाला. मी तिचं समर्थन करत नाही. पण कुणी मला सांगायला लागला की लिलावात मालाची खरी किंमत ठरते, तर मला त्या टपरीवरचा चहा आठवतो.

कंदिलाच्या उजेडात, हात न लावता, पितळेची रास कशी पारखायची? आजोबा पायरीवरून पायानं लाकडी फळी जरा हलवायचे. उतरंड किणकिणली तर पत्रा सलग आहे. बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर किंवा डाक. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई दिसली तर ते रोजच्या स्वयंपाकातलं, म्हणजे बूड घासून पातळ झालेलं. देवघरातली आणि पाण्याची भांडी जड राहतात. दोन पदरी बुडाच्या घागरीवर कधी विश्वास ठेवायचा नाही, कारण पोकळीत शिसं ओतून वजन वाढवायची विद्या जुनी आहे. आणि सगळ्यात शेवटी नाव. चिठ्ठ्या उलट्या वळलेल्या असल्या तरी काठावरची टोचलेली अक्षरं कंदिलात चमकतात. गावातली नावं किती, खेड्यावरची किती, ह्यावर बोली वर-खाली व्हायची. खेड्यावरचं भांडं सोनपेठच्या बाजारात फळीवर विकता येतं. गावातलं येत नाही, कारण ते कुणी घेत नाही. शेजारणीच्या नावाच्या हंड्यात पाणी भरायला कुठली बाई तयार होईल? म्हणून एकाच वजनाच्या, एकाच घडणीच्या दोन घागरींना दोन भाव होते.

निजाम सरकारनं 1349 फसलीत, म्हणजे 1939-40 च्या सुमाराला, सावकारांसाठी कायदा केला. परवाना आला. पुढे करार कायद्याचं कलम 176 आमच्या भागालाही लागू झालं: गहाण वस्तू विकायची तर आधी वाजवी सूचना द्यायची, आणि कर्ज भागून उरलेली रक्कम धन्याला परत करायची. ही उरलेली रक्कम कुणाला मिळाल्याचं आमच्या वहीत कुठं दिसत नाही. दिसणारही नाही म्हणा, कारण ती सावकाराच्या वहीत असायला हवी होती.

कायद्याची एक गंमत मला नेहमी वाटत आली. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 60 आहे. कोर्टाच्या हुकुमानं जप्ती आली तरी ऋणकोच्या काही वस्तूंना हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्माच्या रिवाजानं बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल. म्हणजे बेलीफ दारात आला तर तपेलं सुरक्षित. पण तेच तपेलं बाईनं स्वतः पदराखाली झाकून सावकाराकडे नेलं तर त्याला कसलंही संरक्षण नाही. कोर्टाच्या हर्रासात म्हणूनच भांडी फार दिसायची नाहीत. पेटारे, बैलगाडीची चाकं, खुर्च्या, घड्याळं, कापसाचे बोजे असला माल यायचा. भांडी यायची ती आपल्या पायांनी.

सावकाराच्या माडीपेक्षाही अंधारात बोली लावायची वेळ आजोबांवर पोलीस ॲक्शननंतर आली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्या धामधुमीच्या आगेमागे कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली. काही रझाकारांच्या भयानं आधी बाहेर पडलेली, काही नंतरच्या सूडाच्या भयानं गेलेली. पहिली बरीचशी परतली. दुसऱ्यांतले काही हैदराबादला, काही पाकिस्तानात. 1950 च्या निर्वासित मालमत्ता कायद्यानं देश सोडून गेलेल्यांची घरं आणि शेतं कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि 1954 च्या कायद्यानंतर त्यांची विक्री सुरू झाली. घरातल्या किडूकमिडूकाची वाट त्याआधीच लागलेली असायची, बरीचशी रात्रीतून.

अशाच एका खेड्यातल्या वाड्याचं सामान विकायला निघालं तेव्हा आजोबा गेले होते. भांडी थोडीच राहिली होती: दोन देगा, एक लगन, काही तांबे, सगळ्यांवर उर्दूत नावाची आद्याक्षरं. लोकांचं लक्ष मात्र बळदावर. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात भिंतीआड धान्याची अंधारी खोली बांधलेली असते, तिला दार नसतं. माळवदावरच्या साण्यातून वरून धान्य ओतायचं आणि खाली बुडाशी असलेल्या भोकातून हवं तेवढं काढायचं. ह्या वाड्यातल्या बळदाचं वरचं तोंड दगड-चुन्यानं बंद केलेलं होतं, खालचं मातीनं लिंपलेलं. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि पंचांनी ठरवलं की बळद जसं आहे तसं, न उघडता विकायचं. उघडलं की हाणामारी होईल. गावात अर्थातच बोलवा झाली की आत सोनं आहे.

आजोबांनी भिंतीवर मूठ वाजवून पाहिली. कमरेच्या वर पोकळ, खाली भरीव. मग ते उकिडवे बसले आणि भिंतीच्या बुडाशी मुंग्या बघू लागले. मुंग्यांच्या तोंडात कोंडा होता, दाणा नव्हता. आत ज्वारी आहे आणि सोंड्यांनी ती कधीच पोखरलीय, एवढं त्यांना त्यावरून कळलं. त्यांनी कोंड्याच्या भावानं एक बोली लावली, लोक हसले. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं त्याच्या कितीतरी पट बोलून बळद घेतलं. चुना फोडला तर काळी पडलेली, भुगा झालेली ज्वारी. व्यापाऱ्यानं ती अर्धीअधिक तिथंच टाकली आणि भिंत पाडून चिरेबंदी दगड नेता येतील का, ह्यावरून पंचांशी दोन दिवस भांडला.

दोन्ही देगा आजोबांनीच घेतल्या. त्या हैदराबादच्या गिऱ्हाइकाला गेल्या आणि चांगल्या भावानं गेल्या, कारण तिथं ती आद्याक्षरं कुणाची हे विचारणारं कुणी नव्हतं.

अशी बंद बोली पेवावरही होत असे. लेव्हीच्या काळात, 1940 च्या दशकात, सरकार सक्तीनं धान्य घ्यायचं तेव्हा लोकांनी ज्वारी पेवात दडवली, आणि काही पेवांचे धनी मेले किंवा परागंदा झाले. पण पेव घेणं आमचं काम नव्हे. त्यात कुबट हवा भरलेली असते. उघडून दिवसभर मोकळं ठेवायचं, मग आधी पेटता कंदील सोडायचा. विझला तर माणूस सोडायचा नाही. ज्यांनी घाई केली ते वर आले नाहीत.

आता 1972. ह्या वर्षाबद्दल लिहायचं तर मला हात आखडता घेता येत नाही. पाऊस आदल्या वर्षीही कमी होता, त्या वर्षी गेलाच. खडी फोडायच्या कामावर सगळा मुलूख उतरलेला, रेशनला अमेरिकेची लाल मिलो, पोरांना सुकडी. सोनपेठच्या माड्या त्या वर्षी मृगाची वाट न बघता भरल्या. आधी कळशा-घागरी आल्या. विहिरीत पाणीच नाही, तर हंडा घरात ठेवून काय करायचं, असं बाया सरळ म्हणायच्या. मग पराती. मग देवाची समई आणि ताम्हण. लोक पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला जायच्या आधी घर झाडून भांडी सावकाराकडे टाकून जायचे. एक तर दोन पैसे गाठीला, आणि दुसरं, निदान भांडी कुलपाआड राहतील. हे दुसरं कारण मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. सावकाराची माडी त्यांच्या लेखी विक्रीचं दुकान नव्हतं, ठेवण्याची जागा होती. व्याज हे त्यांना भाड्यासारखं वाटायचं.

1973 च्या उन्हाळ्यात सावकारांनी माड्या मोकळ्या केल्या. वडील तेव्हा ऐन उमेदीत, मी शाळेत. माल इतका की उपरण्याखाली बोटं दाबायची गरजच उरली नाही. ढिगानं, किलोच्या भावानं. आमच्या गोदामात पितळेची रास छताला लागली होती. मी आणि माझा भाऊ सुट्टीत त्या राशीवर बसून नावं वाचायचो. निम्मी नावं आमच्या वर्गातल्या पोरांच्या आजोबांची. दंडकाप्रमाणे हा सगळा माल मोडीत. ट्रकनं काही पुण्याला, बराचसा मुंबईला पायधुणीजवळच्या तांबाकाट्याला.

आणि मग 22 ऑगस्ट 1975 ला राज्य सरकारनं कर्जमुक्तीचा अध्यादेश काढला. आणीबाणी लागून दोन महिने झाले होते. अल्पभूधारक शेतकरी, खेड्यातले कारागीर, शेतमजूर आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे कामगार, ह्यांची सावकारी कर्जं संपली असं जाहीर झालं, आणि गहाण वस्तू धन्याला परत करायच्या. पुढे त्याचा कायदा झाला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 1977 मध्ये फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं कायदा टिकला. वकिलांना तो खटला घटनेच्या कलमांसाठी माहीत आहे. आम्हाला तो वेगळ्या कारणानं माहीत आहे.

लोक चिठ्ठ्या घेऊन सावकाराकडे गेले. सोनं ज्यांचं होतं त्यातल्या काहींना ते मिळालं. भांडीवाल्यांना सावकार म्हणाला, मुदत गेली, कासाराला विकलं. लोक आमच्या दारात आले. कायद्यात कासार नव्हता. वडील म्हणाले, मी राजरोस पैसे मोजून माल घेतला, माझं कुणाशी काही देणं-घेणं नाही. आणि हे खरंच होतं. पण गर्दी हटेना. शेवटी त्यांनी गोदाम उघडलं आणि सांगितलं की मुंबईला गेलेलं गेलं, जे इथं उरलंय त्यात तुमचं सापडलं तर मी घेतलेल्या भावानं वजन करून घेऊन जा. एक पैसा नफा नाही, एक पैसा सूट नाही.

मी तेव्हा वही धरून बसलो होतो. ज्यांना वाचता येत होतं ते नाव शोधत होते. ज्यांना येत नव्हतं ते जास्त लवकर शोधत होते. एका म्हातारीनं राशीतून कळशी ओढली; तिच्या गळ्याला शेळगावच्या तांबटानं लावलेला तिरका डाक होता. नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं. वडील म्हणाले, हे तुमचं नाही. ती म्हणाली, नाव आईच्या नवऱ्याचं आहे, कळशी आईची आहे. तिनं आठ आणे कमी पडले म्हणून सुनेला घरी पिटाळलं आणि सून येईस्तोवर कळशी मांडीत धरून बसली. वडिलांनी आठ आणे सोडले नाहीत. त्यावरून आईनं त्यांना बरंच सुनावलं, आणि आजही आमच्या घरात ह्या आठ आण्यांवर दोन पक्ष आहेत. माझा पक्ष आईचा. पण वडिलांचं म्हणणं मला कळतं. एकाला सोडले असते तर रांगेतल्या सगळ्यांना सोडावे लागले असते, आणि सावकार सुटून शिक्षा आम्हाला झाली असती.

त्यानंतर आमच्या धंद्यातून गहाणाच्या भांड्यांचा हर्रास जवळजवळ उठला. कायदा हे एक कारण. खरं मोठं कारण स्टील. स्टीलच्या भांड्याला तेव्हा मोड नव्हती, म्हणून गहाणही नव्हतं. शिवाय स्टीलवरचं नाव मालकाचं नसतं, देणाऱ्याचं असतं. लग्नात आलेल्या डब्यावर मामाचं नाव, परातीवर मित्रमंडळाचं. ते भांडं कुठल्या घरचं हे त्यावरून कळत नाही, त्यामुळं ते कुणालाही विकत घेता येतं.

गुरांच्या बाबतीत मात्र नाव कधी पुसता आलं नाही. कोंडवाड्यातल्या गुराचा हर्रास वडिलांनी बघितलेला. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यात त्याची सगळी रीत लिहिलेली आहे: सात दिवसांत धनी आला नाही तर ठाण्याला कळवायचं, नोटीस चिकटवायची, जिथं जनावर पकडलं त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणखी सात दिवस थांबायचं, मग विकायचं. कोंडवाड्याच्या रखवालदारानं किंवा पोलिसानं बोली लावायची नाही, आडूनही नाही. खर्च वळता करून उरलेला पैसा तीन महिने धन्यासाठी राखून ठेवायचा. कुणीतरी फार बारकाईनं विचार केलेला कायदा आहे, आणि त्यातली आडून बोली लावायची बंदी वाचून ज्यांनी तो लिहिला त्यांना आपले लोक चांगले ठाऊक होते असं वाटतं. पंचक्रोशीत बैल शिंगावरून ओळखू येतो, म्हणून तो गावात कुणी घ्यायचं नाही. लांबच्या बाजारातला हेडी घ्यायचा.

पोलिसांच्या बेवारस मालाचं त्याहून सुटसुटीत. जाहीरनामा, सहा महिने वाट, मग सरकारजमा आणि लिलाव. ठाण्यामागच्या बाभळीखाली गंजलेल्या मोटारसायकली दिसतात त्या त्याच वाटेवर असतात. सहा महिन्यांची कधी कधी पंधरा वर्षं होतात. हा माल भंगारवाल्यांचा. सायकलीच्या मडगार्डवर नाव रंगवलेलं असलं तरी भंगारवाला ते वाचत नाही.

मध्यंतरी टीव्हीवर 'स्टोरेज वॉर्स' नावाचा अमेरिकेतला कार्यक्रम पाहिला. तिकडे 1960 च्या दशकात टेक्सासात भाड्याच्या खोल्यांचा धंदा सुरू झाला. घरात न मावणारं सामान लोक शटरच्या खोलीत ठेवतात. भाडं थकलं की खोलीचं कुलूप तोडून आतल्या मालाचा एकगठ्ठा लिलाव. बोली लावणाऱ्यांना दारातून पाच मिनिटं बघू देतात, उंबरा ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही. बॅटऱ्या मारून बघणारे ते लोक पाहून मला सावकाराच्या जिन्याची वरची पायरीच दिसली. पण एक फरक होता. त्या कार्यक्रमात खोलीचा धनी कोण होता, कुठं गेला, हे कुणी विचारत नाही. सामान परक्याचं आहे म्हणून बोली बिनधास्त चढते. सोनपेठात असा परका माल आम्हाला कधी मिळालाच नाही.

आता गहाण पुन्हा भरभराटीला आलंय, फक्त सोन्याचं. बाजारपेठेत सोनं तारण ठेवणाऱ्या कंपन्यांच्या शाखा आहेत, बँका आहेत, पतसंस्था आहेत. सावकारही गेलेले नाहीत. 2014 चा नवा सावकारी कायदा आहे, परवाने आहेत, आणि 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं सरकारनं स्वतः भरायचं ठरवलं. कंपन्यांच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात येते. बारीक टाइपात खाते क्रमांकांची ओळ. नाव नाही, गाव नाही, दागिना कुठला तेही नाही. पाकीट नंबर आणि वजन.

रिझर्व्ह बँकेनं ह्या लिलावांना शिस्त लावली ती 2012-13 पासून. आधी सोन्याच्या किमतीच्या 60 टक्क्यांपर्यंतच कर्ज, मग जानेवारी 2014 मध्ये 75. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राखीव किंमत तेव्हा आधीच्या 30 दिवसांच्या सरासरी भावाच्या 85 टक्क्यांखाली ठेवता यायची नाही. कंपनीनं स्वतः बोली लावायची नाही. कोंडवाड्याच्या रखवालदाराचाच नियम. आणि लिलाव ज्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या शाखेनं कर्ज दिलं, तिथंच व्हायला हवा होता.

हा शेवटचा नियम ज्यांनी केला त्यांचा हेतू उघड आहे. कर्जदाराला येता यावं, स्थानिकांनी बोली लावावी, माल लांब नेऊन कवडीमोलानं विकला जाऊ नये. कागदावर सगळं बरोबर. पण आमच्या गावात झालेल्या लिलावांना मी बसलो आहे. गावातले सराफ येतात, खुर्चीवर बसतात, चहा घेतात, आणि बोली लावत नाहीत. पाकीट उघडून दाखवलं की आतली बोरमाळ किंवा पोत त्यांनी स्वतः घडवलेली असते. नाव नसलं तरी त्यांना घडणीवरून घर कळतं. ते घेतलं आणि वितळवलं नाही तर गावात कुणाच्या गळ्यात दिसेल ही भीती. वितळवलं तर घडवणाऱ्याला जिवावर येतं. मग बोली लावतात ते बाहेरचे चार-पाच जण, जे एकाच गाडीतून आलेले असतात. त्यांचा चहा कुठं झालेला असतो ते मला सांगायची गरज नाही. पुढे रिझर्व्ह बँकेनं पहिला लिलाव फसला तर जिल्ह्यातल्या शाखांचा माल एकत्र करून जिल्ह्यात कुठंही विकायची मुभा दिली. माझं विचाराल तर ते आमच्या कर्जदारांच्या जास्त फायद्याचं आहे. परभणीच्या सराफाला सोनपेठची बोरमाळ ओळखीची नसते, म्हणून तो तिची पुरी किंमत बोलतो.

अलीकडं मात्र ह्या बाहेरच्या मंडळींचा हिरमोड होऊ लागला आहे. सोन्याचा भाव चढत गेला तसं जुन्या भावानं ठेवलेलं गहाण कर्जाच्या कितीतरी वर गेलं, आणि जो तो कुणाकडून तरी उसने आणून ते सोडवायला धावतो. मागच्या खेपेला शाखेच्या दारावर लावलेल्या यादीतल्या निम्म्याहून जास्त खात्यांवर लाल रेघ होती. काही जण तर लिलावाच्या दिवशी सकाळी पिशवीत नोटा घेऊन उभे. पाहुणे व्यापारी अकरापासून बसून होते. दुपारी त्यांच्या वाट्याला चार पाकिटं आली, त्यातलं एक बेन्टेक्सचं निघालं. शाखेच्या मॅनेजरवर ते तासभर ओरडत होते आणि गावचे सराफ खुर्च्या न सोडता ऐकत होते.